दिवाळी ते डिसेंबरअखेर पुण्यात: काय बघावं, कुठे घ्यावं, कुठे बसून ऐकावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ऑक्टोबरची तलखी ओसरली आणि पहाटे पंखा बंद करावासा वाटू लागला की पुण्यात विचारणा सुरू होते. नोकरीसाठी नव्याने आलेले विचारतात, परदेशातून दिवाळीला येणारे विचारतात आणि जन्मभर कोथरूडला राहिलेलेही विचारतात, कारण पेठेत येऊन त्यांना वर्ष झालेलं असतं. या उत्तरांत मॉल नाहीत. ते बाराही महिने तसेच असतात. इथे भर आहे तो हाताने वस्तू करणाऱ्यांवर, छोट्या रंगमंचांवर आणि गल्लीतल्या लोकांनी मिळून केलेल्या गोष्टींवर. या दोन महिन्यांत पुणं सगळ्यात चांगलं दिसतं ते तिथेच, असं माझं ठाम मत आहे.

हा हंगाम नेमका कधी सुरू होतो आणि कधी संपतो?

निम्मा तिथीवर चालतो, निम्मा तारखेवर. वसुबारस, पाडवा, भाऊबीज, तुळशीचं लग्न, त्रिपुरी पौर्णिमा, आळंदीची कार्तिकी, चंपाषष्ठी, मार्गशीर्षातले गुरुवार आणि दत्तजयंती हे सगळं तिथीचं. भिंतीवरचं कॅलेंडर बघूनच ठरवायचं, कारण दर वर्षी तारखा पुढेमागे होतात. तारखेचं त्या मानाने सोपं. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनचा परंपरेने ठरलेला दिवस म्हणजे डिसेंबरचा पहिला रविवार, ११ डिसेंबर हा पादचारी दिन, आणि सवाई गंधर्व संगीत महोत्सव, पुस्तक महोत्सव, भीमथडी जत्रा हे सगळं डिसेंबरातच. बाहेरगावाहून एकदाच येणं शक्य असेल आणि गाणं-पुस्तकांची आवड असेल तर डिसेंबरचा मधला आठवडा निवडा. खरेदी आणि रोषणाई हवी असेल तर वसुबारसेच्या आधीचे चार-पाच दिवस.

दिवाळीची खरेदी एका दिवसात उरकायची आहे. सुरुवात कुठून करू?

कसबा पेठेतून, आणि सकाळी. बहुतेक लोक लक्ष्मी रस्त्यावरून सुरुवात करतात. दुपारपर्यंत गर्दीत दमतात आणि कुंभारवाड्यापर्यंत पोहोचतच नाहीत. उलटं करा. सकाळी साडेनऊ-दहाला कुंभारवाड्यात पणत्या घ्या, तिथून तांबट आळी, मग रविवार पेठेत बोहरी आळी. तोरणं, सजावट, डबे, पिशव्या, पॅकिंगचं सामान असं जे जे घाऊक भावात लागतं ते तिथे मिळतं. कपड्याचे तागे हवे असतील तर कापडगंज तिथून जवळच आहे. दुपारी जेवून तुळशीबाग आणि मंडई. लक्ष्मी रस्ता शेवटी, संध्याकाळी दिवे लागल्यावर. साडी, सोनं यांत वेळ जातो आणि तो घाईने करायचा व्यवहार नव्हे, म्हणून मी तर त्यासाठी वेगळा दिवसच ठेवायला सांगेन.

पणत्या ओझ्याच्या तळाशी जातात म्हणून आधी घेऊ नयेत, असं काही जण म्हणतात. बरोबर कापडी पिशवी आणि जुनी वर्तमानपत्रं असतील तर एकही फुटत नाही.

गाडी आणावी का?

नको. मंडईचं वाहनतळ सणात दुपारच्या आत भरतं. स्वारगेटकडच्या मेट्रोवर भूमिगत मंडई स्थानक सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालं आणि पेठांतल्या खरेदीची पद्धतच बदलली. कुंभारवाडा-तांबट आळीसाठी कसबा पेठ स्थानकाला उतरा. वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय (पूर्वीचं सिव्हिल कोर्ट) स्थानकाला गाडी बदलायची.

पणत्या आणि आकाशकंदील कुणाकडून घ्यावेत?

पणत्यांसाठी कसब्यातला कुंभारवाडा. तिथे रंगवलेल्या, टिकल्या लावलेल्या, साच्यातून काढलेल्याही पणत्या ढिगाने असतात. त्यातल्या बऱ्याच बाहेरगावाहून येतात. चाकावरची साधी पणती हवी असेल तर तसं विचारा, वेगळ्या टोपल्यात असते. काठ जरा असमान असतो आणि तळाला दोरीने कापल्याच्या गोल रेघा दिसतात. तीच घ्या. तेलही कमी लागतं, पण एक काम करावं लागतं: आणल्यावर दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि उन्हात वाळवायच्या. कोरडी माती तेल पिते आणि मग पणती खाली ओल्या डागासकट बसते.

कंदिलासाठी तयार माल कुठेही मिळतो. खरी मजा कामट्या आणून घरी करण्यात आहे. बुरुड आळीत बांबू सोलून केलेल्या कामट्या मिळतात, आपल्याला हव्या त्या लांबीच्याही कापून देतात. पतंगी कागद, खळ, दोरा आणि खाली लावायच्या झिरमिळ्या एवढंच सामान. घरातल्या शाळकरी मुलांना सांगाड्याची गाठ बांधायला द्या आणि कागद मोठ्यांनी चिकटवा. पहिल्या कंदिलाला अख्खी दुपार लागते.

येरवडा कारागृहाच्या विक्री केंद्रात बंदीजनांनी केलेल्या वस्तू मिळतात आणि दिवाळीच्या सुमाराला त्यांचा खास मेळा भरतो. विशेष मुलांच्या शाळा-कार्यशाळाही उटणं, पणत्या, भेटकार्डं विकायला ठेवतात. कर्वे रस्त्यावरच्या सभागृहांत बचत गटांची प्रदर्शनं तर दिवाळीआधीचे दोन आठवडे लागोपाठ चालू असतात. फराळाचा एखादा पदार्थ आणि चार भेटवस्तू तिथून घ्यायच्या असं ठरवून टाका.

तांबट आळीत आपल्यासारख्यांना किरकोळ विकतात का? काय घेण्यासारखं आहे?

विकतात, आणि प्रत्येक पुणेकराने एकदा तरी तिथे जायला हवं. पेशवाईत तांबट कारागिरांना पुण्यात आश्रय मिळाला, तेव्हापासून ही आळी कसब्यात नांदते आहे. वळण घेण्याआधीच ठोक्यांचा आवाज येतो. एका दुकानात एक, पलीकडे दुसरा, दोघांची लय वेगळी.

तिथलं खास काम म्हणजे मठार. भांड्याला आकार आला, सांधे जुळले, धुऊन झालं की ते लोखंडी ठोकणीवर घालतात. मग गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने पृष्ठभागावर एकाशेजारी एक ठोके पडत जातात. कारागीर एका हाताने भांडं कणाकणाने फिरवतो, दुसऱ्या हाताने मारतो. पेन्सिलची खूण नाही, मोजपट्टी नाही, आणि तरी ठिपक्यांच्या ओळी सरळ जातात. नुसत्या शोभेसाठी हे नसतं. ठोकून पत्रा कठीण होतो आणि भांडं पोचे न येता पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. जवळ उभं राहून बघा. प्रत्येक ठोक्याला त्या जागेवर एक छोटं चकचकीत वर्तुळ उमटतं, आणि अर्ध्या तासाने सगळं भांडं उजळलेलं असतं. कारागीर बोलायला तयार असतात, फक्त हातोडा चालू असताना मध्येच प्रश्न टाकू नका. थांबला की विचारा.

घ्यायचं काय? अभ्यंगस्नानासाठी पाणी तापवायचा बंब आणि ते काढून घ्यायचं पसरट घंगाळ ही जोडी एके काळी घरोघर होती. आता फ्लॅटमध्ये बंब पेटवणं कठीण, पण घंगाळ लोक आवर्जून घेतात, निदान फुलं आणि पाणी घालून दारात ठेवायला. पाण्याचा हंडा, तांब्या-भांडं, पळी-पंचपात्र, लहान कळशी हे रोजच्या उपयोगाचं. भाव वजनावर असतो, मठारकामाची मजुरी वेगळी. हाताने केलेल्या कामाची मजुरी कमी करा म्हणून हटून बसू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. मुलाने हा धंदा पुढे चालवावा की नाही, हे कारागीर त्या मजुरीवरूनच ठरवतो.

आजीची पितळी पातेली माळ्यावर पडून असतील तर ती काढा. पितळेच्या भांड्यात आंबट शिजवायचं तर आतून कल्हई हवीच. भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, धूर उठतो तोच कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसत न्यायचं. बघता बघता काळं-पिवळं भांडं आतून चांदीसारखं होतं. दिवाळीच्या तोंडावर कल्हईवाल्यांकडे रांग असते, म्हणून दसऱ्यानंतर लगेच द्या. तांब्याचं भांडं चिंच-मिठाने घासा. ताक किंवा सरबत मात्र त्यात ठेवू नका.

तुळशीबागेत घासाघीस करायची का?

रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडे चालते, गाळ्यांत अनेक ठिकाणी भाव ठरलेला असतो. भातुकलीची पितळी भांडी, देवघराचं सामान, रांगोळीचे साचे आणि खोटे दागिने यांसाठी तुळशीबागेला अजूनही जोड नाही. दोन मिनिटं काढून आतल्या राममंदिरात जा. नारो आप्पाजी खिरे यांनी १७६१ साली हे मंदिर बांधायला घेतलं. बाहेर इतका गलका, आणि आत सभामंडपात आजीबाई वाती वळत बसलेल्या असतात.

दिवाळी अंक कुठे घ्यावेत, आणि सगळे घेणं परवडत नसेल तर?

अप्पा बळवंत चौक. फराळाच्या आधी तिथे जाऊन अंक चाळणं हा पुण्यातला एक वेगळा सणच आहे. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि शंभराहून अधिक वर्षं ती चालू आहे. आजही कथा-कविता-लेखांचे, विनोदाचे, ज्योतिषाचे, आरोग्याचे, मुलांचे असे शेकडो अंक निघतात. एवढं सगळं एकाच सणासाठी, एकाच भाषेत लिहिलं जातं याचा अभिमान वाटायला हवा.

कसे निवडायचे? मुखपृष्ठावर जाऊ नका. अनुक्रमणिका उघडा. ओळखीची दोन नावं आणि अनोळखी पाच नावं असलेला अंक घ्या. नामवंतांचा लेख पुढे कधीतरी पुस्तकातही सापडेल, पण नव्या माणसाची पहिली कथा बहुतेकदा त्या अंकातच राहते. मुलांसाठी एक अंक वेगळा घ्या, त्यांच्या नावाने, त्यांच्या हाताने पैसे देऊन.

परवडण्याचा प्रश्न असेल तर वाचनालयं आहेत. एकदाच वर्गणी भरायची आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाळीपाळीने अंक घरी न्यायचे, अशा योजना शहरभरच्या वाचनालयांत असतात. पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ सालापासूनचं. सोसायटीत दहा घरांनी प्रत्येकी दोन अंक घेऊन आपसांत फिरवले तरी वीस अंक वाचून होतात. फक्त वहीत नोंद ठेवा, नाहीतर चांगला अंक कुणाच्या तरी उशाशी राहून जातो.

मुलांचे किल्ले बघायला कुठे जाऊ? आणि आमच्याकडे करायचा असेल तर माती कुठून आणू?

बघायला सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतले वाडे आणि जुन्या सोसायट्यांची आवारं. कोथरूड, सहकारनगर इथेही खूप होतात. अनेक संस्था आणि मंडळं किल्ले स्पर्धा घेतात, तिथे किल्ल्याशेजारी मुलं उभी राहून माहिती सांगतात. आठ-नऊ वर्षांची मुलगी काठीने दाखवत बोलत असते, “ही पद्मावती माची, ही सुवेळा, ही संजीवनी, आणि वर बालेकिल्ला.” राजगड असा बोटाने शिकलेली मुलं पुढे तो पायाने चढतात. संध्याकाळी सहा ते आठ ही बघायची उत्तम वेळ. खाऊ नेलात तर फारच छान, नुसतं थांबून पूर्ण ऐकलंत तरी पुरे.

करायचा असेल तर सहामाही परीक्षा संपली त्याच दिवशी सुरुवात करा. विटा आणि दगडांचा ढीग रचायचा, त्यावर जुनी पोती चिखलात बुडवून पांघरायची. पोत्याला पडणाऱ्या घड्याच पुढे कडे आणि सोंडा होतात. माती कुंभारवाड्यात किंवा रोपवाटिकेत मिळते. बांधकामाशेजारची माती नको, त्यात खडी आणि सिमेंट असतं. बुरूज हाताने थापायचे, पायऱ्या आइस्क्रीमच्या काडीने कोरायच्या, गेरूने तटबंदी रंगवायची. वरून अळीव किंवा मोहरी पेरा आणि रोज हलकं पाणी शिंपडा, चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. म्हणून पेरणी वसुबारसेच्या आधीच व्हायला हवी. मावळे, तोफा आणि सिंहासनावरचे महाराज कुंभारवाड्यात आणि मंडईच्या आसपास मिळतात. मातीचे मावळे मागा. रंग जरा कमी चकचकीत असतो, पण पाच-सहा वर्षं पेटीत ठेवून पुन्हा वापरता येतात.

तयार प्लास्टरचे किल्लेही विकायला असतात. कृपा करून ते घेऊ नका. किल्ला वाकडा होऊ द्या, पण मुलांच्या हातचा होऊ द्या.

दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांची तिकिटं कधी मिळतात?

जाहिराती आठ-दहा दिवस आधी वर्तमानपत्रांत येतात. नाट्यगृहांतल्या मोठ्या मैफलींना तिकीट असतं. उद्यानांत आणि मैदानांत होणाऱ्या बऱ्याच कार्यक्रमांना प्रवेश मोफत किंवा आधी घेतलेल्या प्रवेशिकेवर असतो. सारसबागेत दिवाळीच्या पहाटे तळ्यातल्या गणपतीसमोर तरुणाईची प्रचंड गर्दी होते, नवे कपडे, फोटो, गळाभेटी. शांत ऐकायचं असेल तर आपल्या भागातल्या छोट्या कार्यक्रमाला जा. पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळण्याचा योग एरवी फारसा येत नाही, तेव्हा भैरव-ललत-तोडी गाणारा कलाकार जाहिरातीत दिसला तर सिनेगीतांच्या कार्यक्रमापेक्षा त्याला पसंती द्या.

त्रिपुरी पौर्णिमेला कुठे जावं?

पर्वती, ओंकारेश्वर, पाताळेश्वर किंवा सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. मला विचाराल तर त्रिशुंड. मंदिर लहान, काळ्या दगडाचं, दर्शनी भिंतीवर कोरीव काम भरभरून. विजेचे दिवे बंद करून फक्त पणत्या लावल्या की दिवसा न दिसलेल्या मूर्तीही उठून दिसतात. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला जावं. दिवे लावायला मदत करायची असेल तर सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा आणि तेलाची एक बाटली न्या. सुती कपडे घाला, ओढणी-पदर खोचून घ्या.

आळंदीच्या कार्तिकीला आणि जेजुरीला एका दिवसात जाऊन येता येतं का?

वेगवेगळ्या दिवशी, हो. आळंदीला कार्तिक वद्य एकादशीला यात्रा भरते आणि वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वर माउलींचा संजीवन समाधी सोहळा असतो. १२९६ साली माउलींनी समाधी घेतली, तो हा दिवस. पीएमपीच्या जादा गाड्या सुटतात. गर्दी फार असते, समाधीदर्शनाच्या रांगेत पूर्ण दिवस जाऊ शकतो. इंद्रायणीच्या घाटावर आणि धर्मशाळांत चाललेली कीर्तनं ऐकत फिरलात तरी दिवस सार्थकी लागतो.

जेजुरीला चंपाषष्ठीला म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला जातात. चातुर्मासात सोडलेलं वांगं त्या दिवशी भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने पुन्हा ताटात येतं. भंडारा इतका उधळला जातो की पांढरे कपडे घालून जाऊ नका, किंवा मुद्दाम तेच घालून जा.

सवाईला पहिल्यांदाच जातो आहे. शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही. जाऊ का?

अवश्य. हा महोत्सव जाणकारांच्या शेजारी नवखा बसावा म्हणूनच आहे. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, पं. भीमसेन जोशी यांचे गुरू. १९५२ साली ते गेले आणि १९५३ पासून त्यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू झाला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. भीमसेनजींनी स्वतः कित्येक वर्षं तो उभा केला, कलाकारांना बोलावण्यापासून सगळी जबाबदारी अंगावर घेतली. त्यांच्या निधनानंतर नावात तेही आले: सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. पूर्वी रमणबागेच्या मैदानावर व्हायचा, २०१८ पासून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. एके काळी रात्रभर चालायचा. आता ध्वनिमर्यादेच्या नियमांमुळे दुपारी सुरू होतो आणि रात्री दहाला थांबतो, एखाद्या रात्री बारापर्यंत परवानगी मिळते.

व्यवहाराच्या गोष्टी. तिकीट पूर्ण महोत्सवाचंही मिळतं आणि एका दिवसाचंही. भारतीय बैठक सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगली. बसायला पातळ उशी, अंगावर शाल आणि पायात मोजे न्या, डिसेंबरात रात्री आठनंतर मांडवातही गारठा जाणवतो. पाठदुखी असेल तर खुर्चीचं तिकीट काढा, हट्टाने मांडी घालून बसू नका. फोन बंद. ख्याल चालू असताना उठू नका, दोन कलाकारांच्या मध्ये भरपूर वेळ मिळतो. तेव्हाच चहा, पुस्तकांचे आणि ध्वनिमुद्रणांचे स्टॉल.

नवख्याला एकच सांगणं आहे. नाव मोठं म्हणून फक्त रात्रीचं शेवटचं सत्र गाठू नका. दुपारी पहिलं गाणं तरुण कलाकाराचं असतं. त्याच्या आयुष्यातला तो फार मोठा दिवस असतो, आणि तेव्हा मांडव अर्धा रिकामा दिसला की वाईट वाटतं. लवकर जा. डोळे मिटून पहिली वीस मिनिटं फक्त तानपुऱ्याकडे लक्ष ठेवा, मग गायक कुठून निघाला आणि कुठे परत आला हे आपोआप कळू लागतं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, शेजारच्या काकांचा हात आपसूक खाली येतो. त्या हाताकडे बघत बघत ताल शिकलेली माणसं पुण्यात भरपूर आहेत.

शेवटच्या दिवशी सांगतेला सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. ती ऐकल्याशिवाय निघू नका.

नाटक बघायचं आहे, पण तेच ते विनोदी नको. काय पर्याय आहे?

राज्य नाट्य स्पर्धा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या हौशी नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात असते, आणि पुणे केंद्राचे प्रयोग बहुधा भरत नाट्य मंदिरात होतात. तिकीट अगदी नाममात्र. दिवसा बँकेत, शाळेत, कारखान्यात काम करणारे लोक रात्री तालमी करून ही नाटकं उभी करतात. प्रत्येक प्रयोग जमतोच असं नाही, पण एखाद्या संध्याकाळी असं काही बघायला मिळतं की आठवडाभर डोक्यातून जात नाही.

छोट्या जागांत शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, हिराबागेजवळचं ज्योत्स्ना भोळे सभागृह आणि एरंडवण्यातलं ‘द बॉक्स’ यांच्यावर लक्ष ठेवा. नट चार हातांवर असतो. व्यावसायिक नाटकं बालगंधर्व, यशवंतराव चव्हाण आणि टिळक स्मारकला. बालगंधर्वला जाणार असाल तर अर्धा तास आधी जा, कलादालनात बहुतेक वेळा चित्रांचं किंवा छायाचित्रांचं प्रदर्शन असतंच. १९६८ पासूनची ही वास्तू आहे. मेट्रोने संभाजी उद्यानला उतरलात की पायी दोन-चार मिनिटं.

पुस्तक महोत्सव आणि भीमथडी, दोन्हींसाठी वेळ काढावा का?

हो, आणि वेगवेगळ्या दिवशी. पुणे पुस्तक महोत्सव राष्ट्रीय पुस्तक न्यासाने २०२३ साली सुरू केला, फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर डिसेंबरात भरतो, प्रवेश मोफत. शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, कामाच्या दिवशी सकाळी जा. छोट्या प्रकाशकांचे स्टॉल शोधा, त्यांची पुस्तकं दुकानांत सहसा दिसत नाहीत.

भीमथडी जत्रा बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची, शिवाजीनगरच्या सिंचननगर इथल्या कृषी महाविद्यालयाच्या मैदानावर. प्रवेशाला तिकीट आहे. गावोगावच्या बचत गटांतल्या बायका येतात. खापरावरचे मांडे करताना बघण्यासाठी तरी जा. सैलसर कणकेचा गोळा दोन्ही हातांवर फेकत फेकत कोपरापर्यंत पसरवतात आणि उपड्या खापरावर अलगद टाकतात, एक सुरकुती पडत नाही. जेवून मग फिरा, कारण संध्याकाळी सातनंतर खाण्याच्या रांगा हलत नाहीत. हातसडीचे तांदूळ, गावरान कडधान्यं, घोंगड्या, गोधड्या घेण्यासारख्या.

पादचारी दिनाला खरंच लक्ष्मी रस्ता बंद असतो?

वाहनांसाठी बंद असतो. महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला हा उपक्रम सुरू केला. रस्त्याच्या मधोमध मुलं सापशिडी खेळताना दिसतात आणि म्हातारी माणसं न दचकता दुकानांच्या पाट्या वाचत चालतात. असं वर्षातून एकदाच का, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

मंडईत या दिवसांत काय घ्यावं?

मटार, पावटा, ओला हरभरा, गाजर, आवळे, पेरू. तुळशीच्या लग्नाआधी ऊस, चिंचा, बोरं आणि आवळे एकत्र मिळतात. मार्गशीर्षात बुधवारी संध्याकाळी फुलं, फळं आणि पाच पत्रींचे भाव चढतात, म्हणून गुरुवारच्या पूजेचं सामान बुधवारी सकाळीच आणा. वर मान करून त्या अष्टकोनी इमारतीकडेही बघा. १८८६ साली उघडली तेव्हा रे मार्केट म्हणायचे, आता महात्मा फुले मंडई.

नाताळसाठी कॅम्पात कधी जावं?

२० डिसेंबरनंतर, संध्याकाळी. महात्मा गांधी रस्ता आणि ईस्ट स्ट्रीट उजळलेले असतात. क्वार्टर गेटचं सिटी चर्च १७९२ सालचं, सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात मिळालेल्या जागेवर उभं आहे. गव्हाणीचा देखावा बघायला इतर धर्मांचे लोकही जातात. प्रार्थना चालू असेल तर मागे शांत उभं राहावं.

पाहुणे आहेत, सोबत आजी-आजोबा आणि लहान मूल. सगळ्यांना जमेल असं काय?

राजा दिनकर केळकर संग्रहालय. अडकित्ते, दिवे, वाद्यं, कोरीव दरवाजे, भातुकली, एका माणसाच्या ध्यासातून जमलेल्या वीस हजारांवर वस्तू. आजी प्रत्येक वस्तूची गोष्ट सांगतील, तुम्ही फक्त वेळ द्या.

नुसतं बघायचं नाही, हातभार लावायचा आहे. काय करू?

महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेची भाऊबीज योजना आहे. १८९६ साली अण्णा कर्व्यांनी सुरू केलेल्या या संस्थेत शिकणाऱ्या मुलींसाठी लोक भाऊबीज घालतात. संस्थेचे स्वयंसेवक ती गोळा करतात आणि त्या कामाला माणसं लागतातच. तुमच्या भागात किल्ले स्पर्धा असेल तर परीक्षक म्हणून नाव द्या आणि प्रत्येक मुलाचं पूर्ण ऐकून घ्या. हौशी नाट्यसंस्थांना सामान हलवायला, प्रकाशयोजनेला, कपडेपटाला मदतनीस हवे असतात, तालमीच्या जागी जाऊन विचारलं तर नाही म्हणत नाहीत. वाचून झालेले दिवाळी अंक रद्दीत घालू नका. जवळच्या वृद्धाश्रमात किंवा वाचनालयात आधी विचारून नेऊन द्या, आणि मोठ्या टाइपातले असतील तर ते वेगळे बांधून द्या.